एकच लेन्स, एक वर्ष: १८-२०० ऑल-इन-वन झूम घ्यावी का? (सोलापूरहून)

ताणाबाणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मागच्या गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा) आठ दिवस आधी मी एक वापरलेली १८-२०० लेन्स (फोकल लेंग्थ १८ ते २०० मिमी; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) घेतली आणि ठरवलं, पुढच्या गड्ड्यापर्यंत कॅमेऱ्यावरून ही उतरवायची नाही. दोन-तीन अपवाद सोडले तर पाळलं. आता वर्ष झालं, म्हणून हा धागा. इथे कुणी 'ऑल-इन-वन घेऊ का' विचारलं की दोनच उत्तरं येतात: 'अजिबात नको, सॉफ्ट (धूसर) असते' किंवा 'डोळे झाकून घ्या'. तुम्ही कुठे उभे राहून फोटो काढणार आहात, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते या लेन्सचा सगळा निकाल त्या एका प्रश्नावर लागतो.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगणार आहे ते बहुतेक सगळं या जातीच्याच लेन्सचं आहे. कॅमेरा एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरचा डीएसएलआर (आत आरसा असलेला) आहे. त्यावर १८ ला साधारण ७६ अंशांचा पसारा मिळतो आणि २०० ला जेमतेम ८ अंशांचा.

सुरुवात गड्ड्यापासूनच करतो. सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या), नजर जाईल तिथवर पांढऱ्या बाराबंद्या, आणि एकदा माणसांत शिरलात की सोहळा संपेपर्यंत जागेवरून हलता येत नाही. मला जिथे जागा मिळाली तिथून पहिला फोटो १८ ला घेतला. सगळे नंदीध्वज, मागे तळ्याकडचं आभाळ, खाली माणसांचा समुद्र. 'एकदा भक्तलिंग बोला हर्र' असा घोष झाला, अक्षता उडाल्या, तेव्हा रिंग फिरवून २०० ला गेलो. काठी पेलणाऱ्या एका आजोबांचं मनगट, त्यावर तटतटलेल्या शिरा आणि बाराबंदीच्या बाहीवर अडकलेले चार तांदूळ. दोन फोटोंमध्ये पाच-सहा सेकंद गेले असतील.

माझ्याकडे तेव्हा १८-५५ आणि ५५-२०० अशी जोडी असती तर हा दुसरा फोटो मिळालाच नसता. बॅग उघडायला दोन कोपरांएवढी जागा लागते, तीही तिथे नव्हती. आणि वरून अक्षता पडत असताना कॅमेऱ्याचं तोंड उघडं ठेवायचं धाडस मी केलं नसतं.

(जाता जाता: दुपारच्या उन्हात सगळी फ्रेम पांढऱ्या बाराबंद्यांनी भरली की कॅमेरा त्यांना राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर +०.७ ठेवा. हे कुठलीही लेन्स असली तरी लागू.)

आता परीक्षा. मी यंत्रमाग कारखान्यात डिझाइन विभागात आहे, जेकार्डसाठी (नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी) चादरींची नक्षी काढतो. लेन्स तपासायचा छापील तक्ता माझ्याकडे नाही, चादरी मात्र भरपूर आहेत. एक नवी कोरी सोलापुरी चादर भिंतीवर चारी बाजूंनी ताणून खिळवली. कडेला सरळ पट्टे, मध्ये चौकटींची नक्षी, आणि प्रत्येक दोरा मला पाठ. कॅमेरा स्टँडवर, भिंतीला अगदी समांतर, स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर. १८, ३५, ७०, १३५ आणि २०० वर, प्रत्येक ठिकाणी पूर्ण उघड्या अॅपर्चरला (उजेड आत येतो ते छिद्र; एफ/चा आकडा मोठा तितकं ते लहान), मग एफ/८, मग एफ/११.

१८ ला चादर मधून फुगली, चारी काठ बाहेरच्या बाजूला वाकले. ३५ च्या पुढे उलटं झालं, काठ आत ओढले गेले आणि ते २०० पर्यंत तसेच राहिले. धार म्हणाल तर १८ ते ७० मध्ये मधला भाग पूर्ण उघड्या अॅपर्चरलाही स्वच्छ आहे, दोरा न् दोरा मोजता येतो. कोपरे एफ/८ ला जुळून येतात. १३५ पासून चित्र पिठाळ व्हायला लागतं. २०० ला एफ/५.६ वर दोरे एकमेकांत मिसळतात, लाल पट्ट्याच्या कडेला जांभळट-हिरवी रेघ उमटते. एफ/८ ला बरं आणि एफ/११ ला सगळ्यात चांगलं. पण एफ/११ म्हणजे भरपूर ऊन हवं. आपल्याकडे ऊन आहे म्हणून चालून जातं.

आणखी एक गोष्ट चादरीनेच दाखवली. भिंतीपासून मीटरभरावर उभं राहून २०० ला एका फुलाचा फोटो घेतला. मित्राची ५५-२०० त्याच जागेवरून २०० ला लावली, तर तेच फूल तिच्यात चांगलंच मोठं आलं. माझी लेन्स जवळ फोकस करताना आतली भिंगं सरकवते आणि तिची खरी फोकल लेंग्थ कमी होते. लांबचा नंदीध्वज २०० ला २०० च दिसतो, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा टिपताना हा आकडा पूर्ण हाती लागत नाही.

आता जिथे ही लेन्स मी काढून ठेवली ते. पहिला अपवाद कारखान्यातला. कॅटलॉगसाठी टॉवेल-चादरींचे फोटो मीच काढतो. वाकलेले काठ तिथे चालत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, विणतानाच कड वाकडी गेली. कॉम्प्युटरवर प्रोफाइल लावून सरळ करता येतं, पण शंभर फोटो असले की मी थेट ५० मिमीची बिनझूम लेन्स लावतो. दुसरा अपवाद होम मैदानावरची (गड्ड्याची जत्रा भरते तिथली) रात्र. पाळण्यांचे दिवे छान येतात, पण त्या उजेडात हसणारी पोरं येत नाहीत. ५० च्या आसपास ही लेन्स एफ/४.८ पर्यंत मिटलेली असते. ५० मिमी एफ/१.८ त्याच्या सातपट उजेड आत घेते. आयएसओ (कमी उजेड टिपायची ताकद) ३२०० करूनही शटर १/३० सेकंदापेक्षा वेगवान होईना, चेहरे सगळे हलले.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्यांनी घेऊन विकून टाकली त्यांनी का विकली ते जरूर सांगा.

---

माळरान

छान लिहिलंय. चादरीची कल्पना फार आवडली, मीही करून बघणार.

मी विकून टाकणाऱ्यांतला. माझं सगळं फोटो काढणं सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आणि कंबर तलाव, हिप्परगा या तळ्यांवर. काळविटांपर्यंत ठीक होतं. सकाळच्या उन्हात, धुरळा उडवत जाणारा कळप २०० ला सुरेख बसतो, किंबहुना कळप टिपायला ७०-१०० च पुरतं. पण धाविक, चंडोल, थंडीत येणारे भोवत्ये या पक्ष्यांसाठी २०० म्हणजे काहीच नाही. फ्रेमच्या मध्यावर एक ठिपका येतो, तो कापून मोठा केला की तुम्ही म्हणता तो पिठाळपणा उघडा पडतो. पक्ष्याच्या फोटोत पीस न् पीस दिसलं पाहिजे, आणि नेमक्या त्याच टोकाला ही लेन्स सगळ्यात कच्ची.

१८-४०० पण हाताळली आहे. पल्ला मिळतो, पण ४०० ला एफ/६.३. बऱ्याच डीएसएलआरचा फोकस एफ/५.६ पर्यंतच्या उजेडावर बेतलेला असतो. भर उन्हात चालतं, पण सूर्य कलला की फोकस पुढेमागे शोधत बसतो आणि तेवढ्यात भोवत्या पुढच्या बांधावर. शेवटी वेगळी टेलिफोटो घेतली.

एक विनंती, लेन्सचा विषय निघालाच आहे म्हणून. माळढोकासाठी १९७९ मध्ये राखलेलं हे नान्नजचं माळरान आहे आणि तो पक्षी आता नामशेष होण्याच्या टोकावर आहे. पल्ला कमी पडतो म्हणून कुणीही रस्ता सोडून गवतात उतरू नका. जमिनीवर घरटी करणारे पक्षी आपल्या पायाखाली येतात. फोटो लहान आला तर लहान येऊ द्या.

---

ताणाबाणा

दादा, शेवटच्या परिच्छेदाला हजारदा अनुमोदन.

पक्ष्यांबद्दलही मान्य. मी हिप्परग्यावर एकदाच प्रयत्न केला आणि सोडून दिला. पण तुम्ही काळविटांचं लिहिलंत ना, कळपाला ७०-१००, ते फार महत्त्वाचं आहे. माझे वर्षभराचे फोटो फोकल लेंग्थप्रमाणे लावून पाहिले तर निम्म्याहून जास्त १८ ते ५० मधले निघाले. २०० वर टेकलेले थोडे, पण माझे सगळ्यात आवडते फोटो त्या थोड्यांतच आहेत.

---

भिंगकारागीर

मी कॅमेरे-लेन्स दुरुस्त करतो, तेव्हा आतून काय दिसतं ते सांगतो.

या लेन्सला लोक 'तडजोड' म्हणतात तेव्हा तिच्या पोटात काय चाललंय ते पाहिलेलं नसतं. २००५ मध्ये निकॉनची १८-२०० आली, तिच्यात १२ गटांत १६ भिंगं. तुम्ही रिंग फिरवता तेव्हा हे गट वेगवेगळ्या वेगाने, काही पुढे काही कमी पुढे, नळीवर कोरलेल्या वाकड्या खाचांमधून सरकतात. १८ ला काठ सरळ करायला जे भिंग आणावं ते १३५ ला नडतं. ११ पट झूममध्ये प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं सोडावं लागतं. मागे फिल्मच्या काळात, १९९२ मध्ये टॅमरॉनने २८-२०० आणली, ती सुमारे ७ पट. २०१७ ला त्यांचीच १८-४०० आली, २२ पट. पंचवीस वर्षांत ही मजल. विशेष आकाराची भिंगं आणि नव्या जातीची काच आल्याशिवाय हे जमलं नसतं.

आता दोष. लेन्स १८ वरून २०० ला नेली की नळी बरीच लांब होते. आतली जागा वाढते, तेवढी हवा बाहेरून खेचली जाते आणि परत येताना बाहेर पडते. सायकलच्या पंपासारखं. आपल्या सोलापुरात त्या हवेबरोबर काय येतं ते सांगायला नको. माझ्याकडे येणाऱ्या ऑल-इन-वन लेन्समध्ये पुढच्या भिंगामागे धुळीचे कण असतातच. पण घाबरू नका. चार-दहा कण फोटोत दिसत नाहीत. रात्री समोर दिवा असेल तर थोडी धुरकट चमक येते, एवढंच. त्यासाठी लेन्स उघडू नका. इतके गट पुन्हा बरोबर मध्यावर बसवणं सोपं नसतं आणि एक गट केसभर तिरका बसला तरी फोटोचा एक कोपरा कायमचा जातो.

बुरशी मात्र गंभीर. कोकणातून आलेल्या लेन्समध्ये जास्त, आपल्याकडे कोरड्या हवेमुळे कमी. पण पावसाळ्यात चामड्याच्या बंद कव्हरमध्ये चार महिने पडून राहिली तर इथेही धरते.

वापरलेली घेताना मी काय करतो? मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून तिरकं बघतो, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की लेन्स परत. मग रिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्ये कुठे अडकली, खरखरली तर ती कधीतरी पडलेली आहे. पूर्ण लांब करून पुढची नळी दोन बोटांनी हलकेच हलवा. किंचित हलते, ती या जातीत हलायचीच, पण खडखड आवाज आला तर नको. आणि शेवटी भिंतीचा फोटो, पूर्ण उघड्या अॅपर्चरला. चारी कोपरे सारखेच मऊ असले तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ असला तर तो आजार.

---

ताणाबाणा

'स्वभाव आणि आजार' हे फार नेमकं सांगितलंत काका. माझ्या लेन्सचा एक आजार मी लिहायचा विसरलो. कॅमेरा गळ्यात लटकवून चाललं की नळी आपोआप खाली घसरते. देवळाच्या पायऱ्या उतरताना खाली बघावं तर हातभर लांब झालेली. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. यावर उपाय आहे का? सध्या रुंद रबर बँड घालतो, झूम रिंग आणि पुढची कड यांच्यामध्ये.

---

भिंगकारागीर

रबर बँडच ठेवा, उत्तम उपाय आहे. आतली पकड वयाबरोबर सैल होते. जड भिंगं पुढे असतात, ती खाली ओढतात. निकॉनने २००९ च्या आवृत्तीत १८ ला अडकवायची कळ दिली, कॅननच्या १८-२०० लाही आहे. पण ती कळ फक्त १८ लाच अडकवते. स्टँडवर कॅमेरा खाली वाकवून ७० ला फोटो घ्यायचा असेल तर तिथे कळ काही करत नाही, रबर बँड करतो.

आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर ४२ असलं की आत किती होतं ते हात लावून बघा. आतलं वंगण पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर येतं, मग पाती चिकटतात.

---

लग्नसराई

ओ दादा, लई भारी धागा. मी लग्नाची कामं करतो, माझ्याकडे दोन बॉडी, एकावर २४-७० आणि एकावर ७०-२००, दोन्ही एफ/२.८. त्यामुळे मी ही लेन्स वापरणार नाही असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या डिकीत एक १८-१४० कायम असते. (काका, उद्यापासून घरात.) वरात निघाली, बँड चालू, नवरदेव घोड्यावर, पोरं नाचायलेत, तिथं दोन कॅमेरे गळ्यात घेऊन शिरलो की एक तरी कुणाच्या तरी डोक्यावर आपटतो. दिवसाची वरात असली की एकच बॉडी आणि १८-१४० घेऊन आत घुसतो.

एक गोष्ट नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. या लेन्सचं अॅपर्चर झूमबरोबर बदलतं. तुम्ही मॅन्युअलवर १८ ला एफ/३.५ लावून उजेड जुळवला आणि झूम करत गेलात की लेन्स आपोआप एफ/५.६ ला जाते. म्हणजे अडीच पट उजेड कमी. फ्लॅशही मॅन्युअल असेल तर लांबचे सगळे फोटो काळे. पोरं मला येऊन म्हणतात, फ्लॅश बिघडला. फ्लॅश नाही बिघडला. सुरुवातीलाच एफ/५.६ लावा, मग कितीही झूम करा, आकडा हलत नाही.

मंगल कार्यालयात मात्र अंतरपाटाच्या वेळी ही लेन्स लावू नका. तो क्षण परत येत नाही.

---

नवशिक्या_सोलापूर

खूप माहिती मिळाली. एक प्रश्न: आजकाल मोबाइलमध्ये तीन-तीन लेन्स असतात, मग १८-२०० आणि मोबाइल यात खरंच फरक राहिलाय का? आणि गड्ड्यातल्या शोभेच्या दारूकामाला ही लेन्स चालेल का?

---

ताणाबाणा

नवशिक्या, १८ च्या टोकाला, दिवसा, मोबाइलवर पाहायचं असेल तर फरक फारसा राहिलेला नाही. पण रिंग हाताने फिरवून ७०, ८५, ११० असं हवं तिथे थांबता येणं आणि २०० ला मोठ्या सेन्सरवर आलेलं चित्र, हे वेगळंच आहे.

दारूकामाला तर ही लेन्स एकदम सोयीची आहे. तिथे उघडं अॅपर्चर लागतच नाही. स्टँड, आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर तीन-चार सेकंद, फोकस आधी लांबच्या दिव्यावर लावून मॅन्युअल करून ठेवायचा. स्टॅबिलायझर बंद. पहिला बाण कुठवर जातो ते बघून फ्रेम ठरवायची, आणि लेन्स न बदलता ठरवता येते हाच फायदा.

अंधाराचं आणखी एक सांगायचं राहिलं. वर मी रात्रीबद्दल लेन्सला नावं ठेवली, पण उलटा अनुभवही आहे. पावसाळ्यानंतर हत्तरसंग कुडलला गेलो होतो, भीमा-सीनेच्या संगमावर. शके ९४० चा मराठी शिलालेख जिथे आहे तेच. तिथलं बहुमुखी शिवलिंग पाहिलंय का? एका दगडात ३५९ मुखं. आत उजेड फार कमी. मी ५० मिमी एफ/१.८ घेऊन गेलो होतो (हा तिसरा अपवाद), म्हटलं आता हीच कामाला येणार. पण जागा अरुंद, मागे सरकायला भिंत, ५० ला अर्धंच लिंग फ्रेममध्ये येई. शिवाय एफ/१.८ ला पुढची दोन मुखं स्पष्ट, बाकी सगळी धूसर.

मग ही लावली. २४ च्या आसपास, एफ/५.६, श्वास रोखून, कोपर छातीला टेकवून, १/८ सेकंद. स्टॅबिलायझरने हात सांभाळला. दगड हलत नाही. पाचातले तीन फोटो एकदम स्वच्छ आले, ओळी-ओळीने बसवलेली मुखं, प्रत्येकाचे मिटलेले ओठ सुद्धा. म्हणजे 'अंधारात चालत नाही' हे अर्धंच खरं. हलणाऱ्या माणसासाठी चालत नाही. स्थिर वस्तूसाठी स्टॅबिलायझर असलेली मिटलेली लेन्स कधीकधी उघड्या लेन्सला भारी पडते.

---

माहेरची_वाट

ताणाबाणा दादा, मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात. धागा वाचताना अक्षतांचा आवाज कानात आला.

माझा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. माझ्याकडे कॅननचा डीएसएलआर, १८-५५ एसटीएम आणि ५५-२५० एसटीएम आहे. मुलगी तीन वर्षांची. हुतात्मा एक्सप्रेसने माहेरी येते तेव्हा एक हात तिच्या हातात, दुसऱ्या हातात बॅग. ५५-२५० गेल्या दोन वर्षांत बाहेर निघालीच नाही. दोन्ही विकून १८-२०० घ्यावी का? वजनही कमी होईल ना?

---

ताणाबाणा

ताई, वजन कमी होणार नाही. तुमची १८-५५ एसटीएम २०५ ग्रॅम, ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅम, मिळून ५८०. कॅननची १८-२०० एकटीच ५९५ ग्रॅम. म्हणजे दोन्ही लेन्स बॅगेत असल्या तरी ओझं तेवढंच, आणि ही तर सगळीच्या सगळी मानेवर लटकणार. शिवाय २०० ला तुमची ५५-२५० जास्त धारदार आहे. विकू नका, फार गुणी लेन्स आहे ती.

पण तुमची खरी अडचण वजनाची नाही, हाताची आहे. एक हात मुलीच्या हातात असताना लेन्स बदलता येत नाही. तेव्हा आधी एक करा. जुने फोटो उघडून पाहा, १८-५५ वर किती फोटो ५५ ला टेकलेले आहेत. तिथे टेकून थांबलेले फोटो म्हणजे तुम्हाला पुढे जायचं होतं आणि लेन्स संपली.

---

भिंगकारागीर

ताईंना माझंही एक सुचवणं. २०० चा हट्ट नसेल तर १८-१३५ बघा, कॅननची २०१६ ची यूएसएम मोटरवाली. ५१५ ग्रॅम, फोकस झटकन आणि आवाज न करता, पळणाऱ्या मुलासाठी हेच महत्त्वाचं. झूमची पट जितकी कमी, तितकी काचेवरची ओढाताण कमी. साडेसात पट आणि अकरा पट यात फोटोच्या टोकाला फरक दिसतो.

पुढे कधी मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) जाणार असाल तर मात्र आता थांबलेलं बरं. तिथे वजनं फार उतरली आहेत. कॅननची आरएफ-एस १८-१५० ३१० ग्रॅम, निकॉनची झेड १८-१४० ३१५, सोनीची १८-१३५ ३२५. लांबच्या टोकाला कॅनन-निकॉनच्या या दोन्ही एफ/६.३ ला जातात, पण मिररलेसचा फोकस थेट सेन्सरवर होत असल्याने माळरान म्हणाले तशी अडचण तिथे सहसा येत नाही.

---

माळरान

ताई, मी पक्षीवाला असूनही सांगतो, काकांचं ऐका. लहान मुलं पक्ष्यांपेक्षा जवळ येतात.

ताणाबाणा, एक विचारायचं होतं. चादरीचा फोटो काढताना नक्षीवर इंद्रधनुष्यी लाटा येतात का? मी घरी टॉवेल लावून करून पाहिलं तर ७० ला, एफ/५.६ वर सगळ्या टॉवेलभर रंगीत लाटा. लेन्स खराब आहे का?

---

ताणाबाणा

नाही दादा, उलट लेन्स चांगली आहे! विणीतले दोरे आणि सेन्सरवरचे ठिपके यांची मोजणी जवळजवळ जुळली की त्या लाटा दिसतात. जेकार्डच्या कामात आम्ही हे रोज बघतो, दोन जाळीदार कापडं एकमेकांवर ठेवा, तशाच लाटा. लेन्स दोरे स्वच्छ दाखवू शकली म्हणून लाटा आल्या. माझ्या लेन्सने २०० ला एकही लाट दाखवली नाही, कारण तिथे ती दोरेच मिसळून टाकते. एक पाऊल मागे सरका किंवा झूम थोडा बदला, जातील. मोठी नक्षी असलेली, जाड विणीची चादर घेतली तर सहसा येणार नाहीत.

---

लग्नसराई

हे मला आज कळालं. शालूच्या फोटोत या लाटा आल्या की मी लेन्स पुसत बसायचो.

---

माहेरची_वाट

दादा, सांगितलंत तसं पाहिलं. मागच्या वर्षीचे मुलीचे फोटो काढून बसले रात्री. १८-५५ वरचे जवळजवळ एक तृतीयांश ५५ ला टेकलेले. बहुतेकांत ती बागेत, आजोबांच्या पुढे पळतेय आणि फ्रेममध्ये मध्यभागी एवढीशी. २०० लागलं असतं असा एकही नाही, १०० पर्यंत सगळं बसलं असतं.

तेव्हा १८-१३५ शोधते, वापरलेली. ५५-२५० ठेवते. संक्रांतीला येतेय, लेन्स मिळाली तर तुमच्या चादरीवर तपासून द्याल का?

---

ताणाबाणा

जरूर या. चादर भिंतीवरच आहे, खिळे काढलेले नाहीत. सकाळी दहाच्या आधी या म्हणजे खिडकीतून तिरका उजेड येतो, त्यात दोरे उठून दिसतात. मुलीलाही आणा, कोपरे तपासून झाले की फोकसची परीक्षा तिच्यावरच घेऊ.